जोडणी शंभराची, वेग पाचाचा : माहितीवहनाचे गणित

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीना ओलांडल्यानंतर आणि भीमेच्या अलीकडे, दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे गाव लागते. ऊस, ज्वारी आणि बाजारपेठ असलेल्या अशा गावांना इंटरनेट आता नवे राहिलेले नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेऊन १०० एमबीपीएस क्षमता देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींतही हाच आकडा ठळक असतो. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहण्यासाठी मात्र थोड्या गणितात शिरावे लागते.

समजा, मंद्रूपमधील एका घरात १०० एमबीपीएसची जोडणी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अमेरिकेतील एका सर्व्हरवरून व्याख्यानाची १०० मेगाबाइटची ध्वनिचित्रफीत उतरवून घ्यायची आहे. १०० मेगाबाइट म्हणजे ८० कोटी बिट; साध्या भागाकाराने हे काम ८ सेकंदांत व्हायला हवे. प्रत्यक्षात दोन मिनिटे उलटून जातात. तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस येतो, वेगचाचणी लावतो आणि पडद्यावर ९५ एमबीपीएस उमटतात. विद्यार्थ्याचे म्हणणे खरे असते आणि त्या माणसाचेही. एकाच तारेवरील या दोन खऱ्या आकड्यांचा मेळ घालणारे शास्त्र म्हणजे संगणक जाळ्यांतील माहितीवहनाचे गणिती प्रतिमान. गेल्या शतकाच्या आरंभी टेलिफोनच्या निमित्ताने त्याची सुरुवात झाली आणि त्यातील एका महत्त्वाच्या समीकरणाशी मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल असे एक आडनाव कायमचे जोडले गेले आहे.

वजनकाट्यापुढची रांग

या गणिताचा पहिला धागा रांगेचा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनचे कॉल कोणत्या नियमाने येतात याविषयी पहिला निबंध प्रसिद्ध केला. ठरावीक वाहिन्या असताना किती कॉल नाकारले जातील, याची सूत्रे त्यांनी १९१७ मध्ये दिली. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी हेच रांगांचे गणित संदेशवहनाच्या जाळ्यांना लावले. संदेश एका केंद्रावर पोहोचतो, तेथे पुढे जाण्यासाठी थांबतो आणि वाट मोकळी झाली की निघतो, असे त्यांचे चित्र होते. आजचे राउटर नेमके हेच करतात.

सोलापूर जिल्ह्यात हे समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. एका गाडीला सरासरी ५ मिनिटे लागत असतील, तर काट्याची क्षमता तासाला १२ गाड्यांची झाली. तासाला ६ गाड्या येत असतील तर रांग धरून एका गाडीचा सरासरी १० मिनिटे वेळ जातो. ९ गाड्या येऊ लागल्या की २० मिनिटे जातात, ११ झाल्या की पूर्ण एक तास आणि साडेअकराच्या सरासरीला दोन तास. गाड्या येण्याचा दर दुपटीपेक्षाही कमी वाढला, पण थांबण्याचा वेळ १२ पट झाला. क्षमता आणि मागणी यांतील फरकाने एकास भागले की सरासरी वेळ मिळतो, इतके हे सूत्र सोपे आहे. गाड्या ठरलेल्या अंतराने आल्या असत्या तर ही वेळ आली नसती. त्या अनियमित येतात म्हणून रांग लागते.

राउटरमधील माहितीच्या तुकड्यांचे, म्हणजे पॅकेटांचे, वर्तन बरेचसे असेच असते. फरक दोन आहेत. राउटरजवळची जागा मर्यादित असते. ती भरली की नंतर आलेले पॅकेट सरळ टाकून दिले जाते. दुसरा फरक १९९०च्या दशकाच्या आरंभी ध्यानात आला. अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत लेलँड, टक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी इथरनेटवरील वाहतुकीची बारकाईने मोजणी केली. टेलिफोनच्या कॉलप्रमाणे ही वाहतूक दीर्घ काळात सपाट होत जाईल, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. सेकंदांत पाहा किंवा मिनिटांत, उसळ्या तशाच दिसत राहिल्या. त्यामुळे एरलांग यांच्या गृहीतकांवर काढलेली रांग प्रत्यक्षापेक्षा लहान येते. सूत्राची दिशा बरोबर राहते, आकडा मात्र आशावादी ठरतो.

चारशे यार्डांवरची कोंडी

माहितीवहनाच्या गणिताला खरी निकड आली ती ऑक्टोबर १९८६ मध्ये. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचे अंतर. त्यांच्यातील माहितीवहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तारा शाबूत होत्या, यंत्रे चालू होती. पॅकेटे हरवत होती म्हणून संगणक ती पुन्हा पाठवत होते, आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांनीच वाट अधिक तुंबत होती.

व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्या साथीने यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. इंटरनेटवरील बहुतांश माहिती ज्या ‘टीसीपी’ या नियमावलीने वाहून नेली जाते, तिच्यात त्यांनी एक स्वयंशिस्त आणली. पाठवणारा संगणक पोचपावती न आलेली किती पॅकेटे एका वेळी वाटेवर सोडायची याची मर्यादा स्वतःवर घालून घेतो. पावत्या नीट येत राहिल्या तर ही मर्यादा दर फेरीला एका पॅकेटने वाढते. एखादे पॅकेट हरवले की वाट तुंबली असे मानून मर्यादा तत्काळ निम्मी केली जाते. चढताना पायरी-पायरीने आणि उतरताना एकदम अर्ध्यावर, असा हा करवतीच्या दात्यांसारखा आलेख होय. कोणतीही मध्यवर्ती यंत्रणा नसताना जगभरचे संगणक एकमेकांना वाट देतात ते या साध्या नियमामुळे.

या करवतीतून वेगाचे सूत्र काढण्यासाठी शाळेतील अंकगणित पुरते. मर्यादा २० पॅकेटांपासून ४० पर्यंत चढते आणि मग एक पॅकेट हरवते असे धरू. चढायला २० फेऱ्या लागतात, सरासरी मर्यादा ३० असते, म्हणजे ६०० पॅकेटे जातात आणि त्यांत एक गळते. आता वेग दुप्पट हवा असेल तर मर्यादा ४० ते ८० अशी खेळली पाहिजे. त्याला ४० फेऱ्या लागतील, सरासरी ६० असेल आणि २,४०० पॅकेटांमागे एकच गळायला हवे. वेग दुप्पट होण्यासाठी गळती चौथ्या हिश्शावर यावी लागते. वेग तिप्पट करायचा तर नवव्या हिश्शावर. गणिताच्या भाषेत, वेग हा गळतीच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

मॅथिस, सेमके, महदवी आणि ऑट यांनी १९९७ मध्ये हे सूत्र सुटसुटीत रूपात मांडले. पॅकेटाचा आकार १.२२ ने गुणावा, फेरीच्या काळाने भागावा आणि गळतीच्या प्रमाणाच्या वर्गमूळाने पुन्हा भागावा. फेरीचा काळ म्हणजे पॅकेट निघाल्यापासून त्याची पोचपावती परत येईपर्यंत लागणारा वेळ. या सूत्रात तारेची क्षमता कोठेच येत नाही, आणि ही गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्यास बुचकळ्यात टाकते. क्षमता ही केवळ कमाल मर्यादा असते. सूत्राचे उत्तर तिच्याहून मोठे आले तर क्षमतेचा आकडा खरा, लहान आले तर सूत्राचा.

मंद्रूपचे आकडे

आता मंद्रूपचे उदाहरण घेऊ. पॅकेटातील माहितीचा आकार नेहमीचा १,४६० बाइट. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मंद्रूप ते मुंबई हे सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचे अंतर जाऊन येण्यास त्याला ४ ते ५ मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, मधल्या राउटरांपाशी थोडे थांबावे लागते, म्हणून फेरी २० मिलिसेकंदांची धरू. अमेरिकेची फेरी २५० मिलिसेकंदांची धरू. तारा कितीही उत्तम असल्या तरी हा दुसरा आकडा फारसा खाली येत नाही, कारण तो बव्हंशी पृथ्वीच्या आकाराने ठरलेला आहे.

दहा हजार पॅकेटांत एक गळत असेल, तर मुंबईतील सर्व्हरकडून ७१ एमबीपीएस मिळतात आणि अमेरिकेतील सर्व्हरकडून ५.७. विद्यार्थ्याची ध्वनिचित्रफीत या दुसऱ्या वेगाने २ मिनिटे २० सेकंद घेते. जोडणी १०० ऐवजी २०० एमबीपीएसची घेतली तरी त्यात एका सेकंदाचाही फरक पडत नाही. वेगचाचणी मात्र सहसा जवळच्याच सर्व्हरशी, तीही एकाच वेळी अनेक समांतर जोडण्या उघडून घेतली जाते. अशा जोडण्यांची बेरीज तारेच्या क्षमतेला सहज भिडते. चाचणी खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

दूरच्या सर्व्हरकडून एका जोडणीवर पूर्ण १०० एमबीपीएस हवे असतील, तर गळती किती चालेल, असा उलटा प्रश्नही विचारता येतो. २५० मिलिसेकंदांच्या फेरीत सुमारे २,१०० पॅकेटे सतत वाटेवर असावी लागतात आणि सूत्राप्रमाणे ३० लाख पॅकेटांत एकाहून अधिक गळून चालत नाही. मुंबईसाठी मात्र २० हजारांत एक गळले तरी चालते. जुन्या संगणक प्रणालींना यापूर्वीच आणखी एक अडसर होता. टीसीपीच्या मूळ नियमानुसार घेणारा संगणक ६४ किलोबाइटपेक्षा जास्त माहिती वाटेवर सोडू देत नसे. अमेरिकेच्या फेरीला त्यातून २.१ एमबीपीएसच निघतात, गळती शून्य असली तरी. ही मर्यादा वाढवण्याची सोय १९९२ मध्ये प्रमाणित झाली, पण ती सर्वत्र वापरात यायला पुढे बरीच वर्षे गेली.

पाध्ये यांचे समीकरण

मॅथिस यांचे सूत्र एक गोष्ट गृहीत धरते. पॅकेट हरवल्याचे पाठवणाऱ्याला लगेच कळते आणि तो मर्यादा निम्मी करून पुढे चालू लागतो. मागाहूनची पॅकेटे पोहोचत राहिली तर तसे होते, कारण त्यांच्या पावत्यांमधून मधले रिकामे स्थान दिसते. पण वाटेवर मोजकीच पॅकेटे असतील आणि त्यांतील बरीचशी हरवली तर पावत्याच येत नाहीत. मग पाठवणाऱ्याला मुदत संपेपर्यंत नुसते थांबावे लागते. मुदत संपली की एक पॅकेट पाठवायचे. तेही हरवले तर दुप्पट थांबायचे. माहितीची ने-आण या काळात ठप्प असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील विभागात त्या वेळी संशोधक विद्यार्थी असलेले जितेंद्र पाध्ये आणि त्यांचे सहकारी व्हिक्टर फिरोइउ, डॉन टाउस्ली व जिम कुरोस यांनी हा थांबण्याचा काळ गणितात आणला. १९९८ मध्ये सिगकॉम या परिषदेत त्यांचा निबंध सादर झाला. दूरदूरच्या संगणकांदरम्यान तासतासभर जोडण्या चालू ठेवून त्यांनी आपले समीकरण पडताळून पाहिले. त्यात आढळले की गळतीचे संकेत बहुतांश वेळा मुदत संपण्याच्याच रूपाने मिळतात. म्हणजे ज्या घटनेला आधीची सूत्रे अपवाद मानत होती, तीच नित्याची होती. हे समीकरण आज क्षेत्रात ‘पाध्ये समीकरण’ म्हणून, किंवा चौघांच्या आद्याक्षरांनी, ओळखले जाते. पाध्ये पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात गेले. मोठ्या डेटा सेंटरांसाठी २०१० मध्ये मांडलेल्या टीसीपीच्या सुधारित रूपाच्या कर्त्यांमध्येही त्यांचे नाव आहे.

ग्रामीण जोडण्यांच्या दृष्टीने या समीकरणाचे महत्त्व विशेष आहे. मंद्रूप ते मुंबई हीच २० मिलिसेकंदांची फेरी घेऊ, पण गावातील शेवटचा टप्पा खराब आहे आणि १०० पॅकेटांत ५ गळतात असे मानू. मॅथिस यांचे सूत्र ३.२ एमबीपीएस सांगते. मुदतीचा किमान काळ एक सेकंद धरल्यास पाध्ये समीकरणाचे उत्तर येते ०.४५ एमबीपीएस, म्हणजे सातवा हिस्सा. जोडणी बहुतेक वेळ काही न करता थांबलेली असते. गळती १ टक्का असेल तर ७.१ ऐवजी ३.४ मिळतात. दहा हजारांत एक इतकी कमी गळती असेल तेव्हा दोन्ही सूत्रांची उत्तरे जवळपास सारखीच येतात.

याहून मनोरंजक निष्कर्ष अंतराविषयीचा आहे. माहिती गावाजवळ आणून ठेवली की वेग वाढतो, हे साध्या सूत्रावरून खरे वाटते. २५० मिलिसेकंदांची फेरी २० वर आणली तर तो साडेबारापट व्हायला हवा. ५ टक्के गळतीच्या तारेवर मात्र पाध्ये समीकरणाने दूरच्या सर्व्हरकडून ०.१७ आणि जवळच्याकडून ०.४५ एमबीपीएस मिळतात, म्हणजे फायदा जेमतेम अडीच पटींचा. थांबण्याची मुदत अंतराबरोबर तितकीशी कमी होत नाही. म्हणून मुंबईत किंवा सोलापुरात सर्व्हर उभारण्याआधी खांबावरची उघडी जोडपेटी दुरुस्त करणे अनेकदा अधिक लाभाचे असते. खर्चाच्या अंदाजपत्रकात मात्र सर्व्हर मोठ्या अक्षरांत येतो आणि जोडपेटी देखभालीच्या किरकोळ रकान्यात जाते.

हे समीकरण केवळ अंदाजासाठी राहिले नाही. थेट ध्वनिचित्र प्रक्षेपणाला टीसीपीची एकदम निम्म्यावर येण्याची सवय मानवत नाही, चित्र अडखळते. अशा प्रक्षेपणाने गळती आणि फेरीचा काळ मोजावा, पाध्ये समीकरणात घालावा आणि जो वेग येईल तो सावकाशपणे पाळावा, अशी पद्धत सॅली फ्लॉइड, मार्क हँडले, योर्ग विडमर आणि पाध्ये यांनी २००० मध्ये मांडली. २००३ मध्ये ती इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजांत दाखल झाली. शेजारी टीसीपीची जोडणी असेल तर तिच्या वाट्याचे ओरबाडून न घेता आपला वाटा ठरवण्याचा हा मार्ग होता.

एक टक्क्याचा नियम

भारतातील नियमांकडे या समीकरणाच्या चष्म्यातून पाहणे उद्बोधक ठरते. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले होते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. त्यांत पॅकेटांची गळती १ टक्क्याहून कमी आणि परदेशातील जवळच्या केंद्रापर्यंतचा विलंब, केबलमार्गाने, ३५० मिलिसेकंदांहून कमी असावा असे निकष होते. हे दोन्ही आकडे समीकरणात घातले तर मॅथिस यांच्या सूत्राने सुमारे ४०० आणि पाध्ये यांच्या समीकरणाने सुमारे ३८० किलोबिट येतात. म्हणजे २५६ किलोबिटांच्या काळात हा नियम अगदी योग्य होता. नियम काठावर पाळणाऱ्या कंपनीच्या ग्राहकालाही कबूल वेग मिळू शकत होता.

जाहिरातीतील वेग त्यानंतर शेकडो पटींनी वाढला. ब्रॉडबँडची व्याख्याही २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर गेली. गळतीकडे मात्र लोकांचे लक्ष त्या प्रमाणात गेले नाही. शतांशाच्या भाषेत १ टक्का हा आकडा क्षुल्लक वाटतो. १०० एमबीपीएसच्या दूरच्या जोडणीला तो चालण्याजोग्या गळतीच्या सुमारे ३० हजार पट आहे. वर्गमूळाचा नियम येथे ग्राहकाच्या बाजूने आणि विरुद्धही काम करतो. गळती शंभर पटींनी घटवली तरी वेग दहापटच वाढतो, पण गळती शंभर पटींनी वाढली तरी वेग दहाव्या हिश्शाखाली सहसा जात नाही, निदान मुदती संपू लागेपर्यंत तरी.

समुद्रातील तार आणि मुंबईतील चौक

सूत्रातील दुसरी राशी, फेरीचा काळ, ही गावकऱ्यांच्या हातात नसते. तीवर परिणाम करणाऱ्या घटना मंद्रूपपासून फार दूर घडतात. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षे एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाकडून दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाकडे जाणारी माहिती अनेकदा परदेशातून वळसा घेऊन येत असे, कारण देशात दोन्ही कंपन्यांची जाळी जोडणारा चौक नव्हता. २००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजने, म्हणजे निक्सीने, मुंबईसह काही शहरांत असे चौक उभारले. तारेची रुंदी न वाढवता केवळ वळसा टाळला की समीकरणातील छेद लहान होतो आणि वेग त्याच पटीत वाढतो.

उलट अनुभव ३० जानेवारी २००८ रोजी आला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रातील दोन प्रमुख केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडील वाहतूक मोठ्या प्रमाणात विस्कळीत झाली. बरीच माहिती पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरामार्गे वळवावी लागली. उरलेल्या केबलवर गर्दी झाल्याने रांगा वाढल्या, गळती वाढली आणि लांबच्या वाटेने फेरीही वाढली. समीकरणातील दोन्ही राशी एकाच दिवशी बिघडल्या. मोठ्या कंपन्या आपल्या लोकप्रिय ध्वनिचित्रफितींच्या प्रती मुंबईतील केंद्रांत आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या आवारात ठेवतात, त्यामागेही हेच गणित आहे. त्यामुळे चित्रपट विनासायास चालतो आणि परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील तेवढ्याच आकाराची फाइल रेंगाळते. एकाच घरात हे दोन्ही एका वेळी सुरू असतील तर अरुंद टप्प्यावर जवळच्या सर्व्हरची जोडणी दूरच्या जोडणीपेक्षा मोठा वाटा घेते. तिची मर्यादा दर फेरीला वाढते आणि तिच्या फेऱ्या लवकर होतात.

समीकरणाच्या पलीकडे

वरील सारे गणित जेकबसन यांच्या मूळ पद्धतीच्या टीसीपीचे आहे. त्यात पुढे बदल झाले. लिनक्स प्रणालीने २००६ मध्ये स्वीकारलेल्या ‘क्यूबिक’ या पद्धतीत मर्यादा घनाच्या आलेखाने चढते. दूरच्या आणि रुंद जोडण्यांवर तिचा वेग फेरीच्या काळावर पूर्वीपेक्षा बराच कमी अवलंबून राहतो. कमी अंतरावर आणि जास्त गळती असताना तिचे वर्तन जुन्या टीसीपीसारखेच असते. २०१६ मध्ये गूगलमधील संशोधकांनी ‘बीबीआर’ ही पद्धत मांडली. १९८८ च्या निबंधाचे कर्ते जेकबसन हेही त्यांत होते. ती गळतीला गर्दीचा संकेत मानण्याऐवजी वाटेतील सर्वांत अरुंद टप्प्याचा वेग आणि रिकाम्या वाटेवरील फेरीचा काळ सतत मोजते. थोडी गळती असलेल्या तारेवर तिचा मोठा लाभ होतो. कोणती पद्धत वापरायची हे पाठवणारा ठरवतो, घेणारा नाही. त्यामुळे मंद्रूपमधील विद्यार्थ्याला आपल्या बाजूने ती निवडता येत नाही. एकाच तारेवर एक संकेतस्थळ वेगवान आणि दुसरे संथ वाटण्याचे हेही एक कारण असते.

मोबाइल जोडणीवर चित्र आणखी बदलते. हवेतून जाणाऱ्या पॅकेटाची गळती गर्दीमुळे होतेच असे नाही. पाऊस, अंतर, भिंत अशी कारणे असतात. मोबाइलचे मनोरे हरवलेले पॅकेट टीसीपीला कळण्याआधीच स्वतः पुन्हा पाठवतात. गळती लपते, पण फेरीचा काळ वरखाली होऊ लागतो. त्यामुळे येथे पाध्ये समीकरणाचे उत्तर ढोबळ मानावे लागते.

समीकरण वापरताना आणखी एक भान ठेवावे लागते. गळती ही पूर्णपणे बाहेरून लादलेली राशी नाही. तार खरोखरच भरून वाहत असेल तर टीसीपी मर्यादा वाढवत जाऊन स्वतःच गळती घडवून आणते, आणि तेव्हा क्षमतेचा आकडाच निर्णायक ठरतो. रात्री नऊच्या सुमारास सारे गाव एकदम जोडले जाते, तेव्हाची गळती अशा स्वरूपाची असण्याचा संभव अधिक. पहाटे चारलाही गळती तितकीच असेल तर दोष तारेत, जोडणीत किंवा उपकरणात शोधावा.

ही मोजणी कोणत्याही संगणकावरील ‘पिंग’ या आज्ञेने करता येते. फेरीचा काळ पाच-दहा पॅकेटांत समजतो. गळती मोजण्यास मात्र चिकाटी लागते. शंभर पिंगांत एकही न हरवल्यास तार निर्दोष आहे असे अनेक जण मानतात. त्यावरून गळती काही टक्क्यांहून कमी आहे, एवढेच म्हणता येते. वीस हजारांत एक ही मुंबईच्या जोडणीला आवश्यक असलेली पातळी तपासायची तर सेकंदाला एक या दराने वीस हजार पिंगांना साडेपाच तास लागतात, आणि तेवढ्यातून सरासरी एकच गळलेले पॅकेट हाती येते. भरवशाच्या आकड्यासाठी निदान दहा गळती दिसायला हव्यात, म्हणजे दोन लाख पिंग, दोन दिवस आणि सुमारे साडेसात तास.